छतातील स्पीकर : भोक पाडण्यापूर्वीचा हिशेब

फॉल्स सीलिंगमध्ये स्पीकर बसवून घेण्याची हौस आता साध्या फ्लॅटमध्येही दिसते. वायरिंगचे काम करणाऱ्या तरुणांना यात चांगला रोजगार आहे. मात्र निवड चुकली, तर छत फोडून पुन्हा रंगविण्याचा खर्च बहुधा कारागिराच्याच अंगावर येतो. म्हणून माल घेण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

१) संख्या : छत ९ फूट उंच असेल आणि बसलेल्या माणसाचा कान ३.५ फुटांवर, तर अंतर ५.५ फूट. आवाज ९० अंशांत पसरतो असे धरल्यास एका स्पीकरखाली ११ फूट व्यासाचे वर्तुळ मिळते. त्यामुळे १२ फुटी खोलीला एक जोडी पुरते, २० फुटी हॉलला दोन जोड्या घ्याव्यात.

२) वॅट : खोक्यावरील पीएमपीओचा मोठा आकडा फसवा असतो. आरएमएस वॅट पाहावेत. शिवाय सेन्सिटिव्हिटीही तपासावी. ८७ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढण्यासाठी दुप्पट वॅट लागतात.

३) ओहम : ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. अनेक घरगुती अ‍ॅम्प्लिफायरना ४ ओहमपेक्षा कमी भार चालत नाही. ते तापून बंद पडतात. एकाच आउटपुटवर चार स्पीकर हवेत, तर दोन-दोन एकापुढे एक जोडून मग त्या जोड्या समांतर जोडाव्यात. भार पुन्हा ८ ओहम येतो. दुकानांसाठी असलेले १०० व्होल्ट लाइनचे स्पीकर साध्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरला लावू नयेत.

४) वायर : तांब्याचीच घ्यावी. २० मीटर अंतराला १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाण्या-येण्याचा मिळून सुमारे अर्धा ओहम रोध होतो, २.५ च्या वायरीत ०.३ ओहम. लांब अंतराला जाड वायरच बरी.

५) जागा : स्लॅब व सीलिंग यांमधील पोकळी स्पीकरच्या खोलीपेक्षा जास्त हवी. जड स्पीकरचा भार केवळ जिप्समच्या बोर्डावर न ठेवता वर स्लॅबला आधार द्यावा.

गिऱ्हाइकाला सिनेमा पाहायचा असेल, तर आधीच स्पष्ट सांगावे की संवाद छतातून आले तर खटकतात. टीव्हीजवळचे स्पीकर कायम ठेवावेत. २०१४ पासून घरोघरी आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्येही छतातील स्पीकर वरून येणाऱ्या आवाजांसाठीच असतात.

शेवटची सूचना : बोर्ड बंद करण्यापूर्वी प्रत्येक वायरीला स्पीकर जोडून वाजवून पाहावा, आणि वायरी कोठून गेल्या याचा कच्चा नकाशा गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. हा एक कागद पुढचे दहा वाद टाळतो आणि पुढचे कामही मिळवून देतो.