शंख : जीव आणि जिन्नस

जिनमंदिरात गेल्यावर मूर्ती कोणत्या तीर्थंकरांची आहे हे ओळखण्यासाठी आपण प्रथम पीठावरील लांछन पाहतो. तेथे शंख कोरलेला दिसला की हे बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ, असे घरातील लहान मुलेही सांगतात. शंखेश्वर पार्श्वनाथाच्या तीर्थाच्या नावात शंख आहे. चक्रवर्तीच्या नवनिधींतही एका निधीचे नाव शंखच आहे. परंतु हा शंख कोणत्या प्राण्याचा, तो प्राणी कोठे राहतो, काय खातो आणि आपल्या दुकानाच्या फळीवर तो कोणत्या वाटेने येतो, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर सुचणार नाही. पूजासाहित्य, आयुर्वेदीय औषधे, किराणा व सुगंधी द्रव्ये यांचा व्यापार आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि या सर्व दुकानांत शंख या ना त्या रूपाने असतोच. ज्या मालाची आपण उलाढाल करतो त्याची जात व उत्पत्ती ठाऊक असावी, हे तर व्यापाराचे मूळाक्षर होय. शंखाच्या बाबतीत त्यात व्रताचाही प्रश्न गुंतलेला आहे. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

मराठीत शंख हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. समुद्रकाठी सापडलेले कोणतेही पिळदार कवच म्हणजे शंख. इतकेच नव्हे, मंद बुद्धीच्या माणसालाही आपण ‘शुद्ध शंख’ म्हणतो. (त्या बिचाऱ्या प्राण्यावर हा अन्यायच आहे.) पूजेतील खरा शंख मात्र एकाच जातीचा असतो. प्राणिशास्त्रात तिला ‘टर्बिनेला पायरम’ असे नाव आहे. हा गोगलगायीच्या कुळातील मोठा सागरी जीव. तमिळनाडूचा दक्षिण किनारा व श्रीलंका यांमधील मन्नारचे आखात हे त्याचे मुख्य घर. कच्छच्या आखातातही तो आढळतो. त्याच्या अंगावर जिवंतपणी तपकिरी पापुद्रा असतो. तो घासून काढल्यावर आतील चिनीमातीसारखी शुभ्रता प्रकट होते. म्हणजे ज्या धवलतेची कवींनी इतकी उपमा दिली ती समुद्रात कोणास दिसतच नाही.

हे कवच प्राण्याने कोठून मिळविलेले घर नव्हे. त्याच्या मऊ शरीरावरील आवरणाच्या कडेतून चुना पाझरतो आणि कवचाच्या ओठावर थरावर थर चढत जातो. प्राणी वाढतो तसा पीळ वाढतो. खेकडा जुने कवच टाकून नवे धारण करतो तसे शंखाला करता येत नाही. जन्मापासून मरेपर्यंत एकच कवच, आणि त्यातून तो जिवंत बाहेर पडू शकत नाही. शंख रिकामा दिसला म्हणजे आतील जीव गेला आहे, एवढे निश्चित समजावे. कानाशी धरला असता त्यात समुद्राची गाज ऐकू येते असे म्हणतात. ती गाज समुद्राची नव्हे. आसपासचेच बारीक आवाज त्या पिळदार पोकळीत घुमून मोठे होतात.

आपल्या शास्त्रकारांनी जीवांचे इंद्रियांनुसार वर्गीकरण करताना कृमी, जळू यांच्याबरोबर शंखाला द्वींद्रियांत गणले आहे. स्पर्श व रस ही त्याची दोन इंद्रिये. आजचा प्राणिशास्त्रज्ञ वेगळ्या मार्गाने चालतो आणि त्याची गणनाही वेगळी असते, हे आम्ही मान्य करतो. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हा प्राणी वाळूत अर्धवट रुतून सावकाश सरकत असतो आणि पुढे काढलेल्या नळीतून पाणी आत घेऊन जणू त्याची चव घेत भक्ष्याचा माग काढतो. वाळूतील सागरी कृमी हे त्याचे अन्न. शास्त्रकारांनी शंखाला दगड मानले नाही, वनस्पतीही मानले नाही. तो हलताचालता, वेदना जाणणारा त्रस जीव आहे हे त्यांनी कधीच नोंदवून ठेवले होते.

त्याचे प्रजनन व्यापाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. मादी मेंढ्याच्या शिंगासारखी वळणावळणाची, अनेक कप्प्यांची अंडकोशिका वाळूत रोवते. बहुतेक सागरी गोगलगायींची पिल्ले प्रथम सूक्ष्म रूपाने प्रवाहाबरोबर दूरदूर वाहत जातात. शंखाचे तसे नाही. कप्प्यातून बाहेर पडतो तो इवलासा पण पूर्ण शंख, आणि तेथल्या तेथेच सरपटू लागतो. म्हणून एखाद्या पट्ट्यातील शंख उपसून नेले तर दुसरीकडून पिल्ले वाहत येऊन ती जागा भरत नाहीत. ज्या खाणीत भर पडण्याचा मार्ग इतका अरुंद, ती लवकर रिती होते.

तमिळ किनाऱ्यावर पाणबुडे साधारण पाच ते दहा वाव खोल पाण्यात बुडी मारून शंख वेचीत आले आहेत. मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली या एका शंखावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावरून हा धंदा केवढा मोठा होता याची कल्पना येते. सरकारी नियम असा होता की वेचलेला शंख सुमारे सव्वादोन इंच व्यासाच्या मापातून आरपार गेला तर तो लहान समजून परत समुद्रात सोडावा. नियम करणाऱ्यांची दृष्टी उत्पन्नावर असेल. पण लहान जीवांना त्याचा आधार मिळाला हेही खरे.

किनाऱ्यावर आणलेल्या शंखाचे पुढे काय होते ते सांगणे सुखाचे नाही, तरीही ते टाळणे योग्य होणार नाही. आतील मांस कुजवून अथवा काढून कवच स्वच्छ करतात. मांस खाण्यासाठीही विकले जाते. बाजारात ज्याला ताजा, चकचकीत, जड माल म्हणतात तो असा जिवंत पकडलेला असतो. याउलट श्रीलंकेतील जाफन्याच्या खाजणांत चिखलाखाली फार पूर्वी मेलेले शंख गाडलेले असत आणि ते खणून काढण्याचाही धंदा चाले. त्यांचे तेज गेलेले, पृष्ठ खडूसारखे, म्हणून भाव कमी. हा दोन मालांतील फरक घाऊक बाजाराला पूर्वीपासून माहीत आहे. किरकोळ दुकानदार तो क्वचितच विचारतो.

या शंखांचा सर्वांत मोठा ग्राहक देवघर नव्हते, बंगालमधील सौभाग्यवती होत्या. तेथील विवाहित हिंदू स्त्री पांढरा ‘शांखा’ व तांबडा ‘पोला’ हातात घालते. अर्धचंद्राकृती अवजड करवतीने शंख आडवा कापून वळी काढणारे शांखारी कारागीर ढाक्याच्या शांखारी बाजारात पिढ्यान्‌पिढ्या राहत. फाळणीनंतर त्यांपैकी पुष्कळ पश्चिम बंगालात आले. हा उद्योग त्याहूनही कितीतरी जुना आहे. कच्छच्या आखाताच्या काठी, द्वारकेजवळ नागेश्वर येथे सिंधू संस्कृतीच्या काळातील शंखकामाची वसाहत उत्खननात सापडली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तेथे याच जातीच्या शंखाच्या बांगड्या कापल्या जात. जवळच्या बेट द्वारकेला शंखोद्धार असे नाव आहे. नेमिनाथांच्या चरित्रातील द्वारका व गिरनार याच सौराष्ट्रातील. श्रीकृष्णाच्या आयुधशाळेत जाऊन नेमिकुमारांनी शंख फुंकला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे.

आता ज्या प्रश्नावर व्यापाऱ्यांची फसगत होते आणि त्यांच्या हातून गिऱ्हाइकाचीही होते, त्याकडे वळू. तो प्रश्न दक्षिणावर्ती शंखाचा. शंखाचे पिळाचे शिखर खाली व निमुळती नळी वर धरून तोंड आपल्याकडे केले असता नेहमीच्या शंखाचे तोंड डावीकडे येते, तो वामावर्ती. उजवीकडे आले तर दक्षिणावर्ती, तमिळमध्ये ‘वलंपुरी’. (प्राणिशास्त्रज्ञ शिखर वर धरून पाहतात, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत उजवे-डावे नेमके उलटे असते, वाचताना घोटाळा होऊ नये.) टर्बिनेला जातीत उलट्या पिळाचा जीव लाखांत एखादा निपजतो, आणि म्हणूनच त्याला लक्ष्मीचे स्थान मानून अफाट किंमत आली. मग रामेश्वराहून परतणाऱ्या यात्रेकरूच्या पिशवीत आणि आपल्या शहरांतील पेठांत दक्षिणावर्ती शंख इतके येतात कोठून?

त्यांतील पुष्कळसे अमेरिकेतून येतात. मेक्सिकोच्या आखातात व फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर एक मोठी सागरी गोगलगाय आहे. तिच्या अंगावर विजेसारख्या वाकड्यातिकड्या रेषा असतात. त्या जातीत हा पीळच नेहमीचा. १९८७ साली टेक्सस राज्याने तिच्या कवचाला राज्याचे मानचिन्ह केले. हे कवच घासून पांढरे केले की अनभिज्ञाला ते वलंपुरी वाटते. परीक्षा अवघड नाही. तोंडातून आत बोट घालून मधल्या खांबाला स्पर्श करावा. खऱ्या भारतीय शंखाच्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या घड्या हाताला लागतात. अमेरिकन कवचाचा खांब तशा घड्यांवाचून गुळगुळीत असतो. परदेशी कवच परदेशी म्हणून विकण्यात लबाडी नाही. दुर्मीळ म्हणून विकणे ही मात्र सरळ सरळ प्रतिरूपक-व्यवहाराची, म्हणजे हलका माल भारी म्हणून खपविण्याची गोष्ट आहे, आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत तिचे नाव स्पष्ट घातलेले आहे.

शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या इतर मोठ्या कवचांविषयी थोडक्यात सांगतो. कॅरिबियन समुद्रातील गुलाबी ओठाचा राणी-शंख मांसासाठी इतका मारला गेला की १९९२ साली त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला. शिरस्त्राणाच्या आकाराच्या कवचांतून इटलीतील तोर्रे देल ग्रेको येथील कारागीर नक्षीदार पदके कोरतात. ट्रायटन नावाचा लांबट शंख प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांना खातो. तो नाहीसा झाल्यास त्याची झळ प्रवाळालाही लागते. यांपैकी ट्रायटन व शिंगाळ शिरस्त्राण-शंख यांना आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ साली संरक्षण मिळाले. कायद्याच्या अनुसूचींची नवी मांडणी २०२३ च्या एप्रिलपासून लागू आहे. पूजेच्या शंखाचे नाव २००१ च्या त्या यादीत नव्हते. तथापि दिवाणखान्यातील कपाटासाठी मागविलेले एखादे सुंदर कवच गुन्ह्याचे कारण होऊ शकते, हे दुकानदाराने विसरू नये.

कायद्याच्या पलीकडे आपला स्वतःचा नियम आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते. त्यात केवळ हस्तिदंत नसून केस, नखे, हाडे, कातडी अशा त्रस जीवांच्या अवयवांचा व्यापार येतो, असे आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात स्पष्ट केले आहे. त्यांच्या व्याख्येत एक मार्मिक अट आहे : हा माल उत्पत्तिस्थानी जाऊन घेणे. त्यामागील विचार आम्हाला असा दिसतो की मूळ जागी आगाऊ मागणी नोंदविली म्हणजे शिकारी त्या मागणीसाठी जीव मारतो. बाजारात पडलेल्या मालाशी खरेदीदाराचा संबंध तितका थेट नसतो. या अटीच्या आधारे आपल्यातील काहीजण म्हणतात की आम्ही तर मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून शंख घेतो, आम्हाला दोष नाही. हेमचंद्रांच्या काळी, बाराव्या शतकात, पाटणचा वाणी मन्नारच्या किनाऱ्यापासून फार दूर होता. आज दूरध्वनीवर तुतिकोरीनला ‘अमुक मापाचे पाचशे नग, ताजे’ अशी मागणी देणारा माणूस बेळगाव वा इंदूरच्या गादीवर बसूनही उत्पत्तिस्थानीच उभा आहे, असे आमचे मत आहे.

हीच गोष्ट ‘नखला’ या सुगंधी द्रव्याची. ऊदबत्ती व धूप यांत पडणारा हा जिन्नस पुष्कळांना वनस्पतीचा वाटतो. वस्तुतः सागरी गोगलगायीने कवचाचे तोंड मिटण्यासाठी धारण केलेले ते शिंगासारखे झाकण होय. धुपाच्या कारखानदाराने आपल्या पाककृतीत ते आहे की नाही हे एकदा पाहावे. शंखभस्माच्या बाबतीत मार्ग अधिक मोकळा आहे. शंख म्हणजे बहुतांशी चुन्याचाच एक प्रकार, आणि भट्टीत गेल्यावर त्याची चकाकी काही उरत नाही. तेव्हा भस्मासाठी अखंड, ताजा शंख मागविण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. बांगड्या कापताना शंखाची दोन्ही टोके व चुरा उरतो. हा कचरा चुना भाजण्यासाठी पूर्वीपासून विकला जात आला आहे. औषधवाल्यांनी मागणीपत्रात ‘कापणीचे तुकडे’ असे शब्द लिहावेत, आणि माल आल्यावर त्यात करवतीने कापलेल्या सपाट कडा दिसतात की नाही ते तपासून घ्यावे.