बहिष्काराचा अधिकार कोणाचा?

ज्ञानेश्वर महाराजांचे चरित्र आपल्या घराघरांत सांगितले जाते. रेड्यामुखी वेद आणि चालविलेली भिंत या कथा मुलांस तोंडपाठ असतात. परंतु त्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट आपण घाईने ओलांडून जातो. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, पुढे गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्या कुटुंबास वाळीत टाकले. परंपरा असे सांगते की, आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही मुलांची मुंज लावण्यास कोणी धजेना, आणि शुद्धिपत्रासाठी त्या चार भावंडांस पैठणची वाट धरावी लागली. मुलांचा अपराध काय होता? काहीच नव्हता. आणि निर्णय देणारे तरी दुष्ट होते काय? तसे मानण्यास आधार नाही. आपण शास्त्राप्रमाणेच वागत आहो, अशीच त्यांची प्रामाणिक समजूत असावी. सज्जन माणसांच्या हातून, धर्माच्या नावाने, निरपराध मुलांवर अन्याय होऊ शकतो, हाच या कथेतील विचार करण्याजोगा भाग होय.

धर्म एका माणसाच्या अंतःकरणात असतो तेव्हा त्यास आपण श्रद्धा म्हणतो. त्या श्रद्धेला पीठ, पंचायत, पुरोहित आणि नियम लाभले म्हणजे तिची संस्था होते. संस्था वाईटच असते असे नव्हे. संस्था नसती तर आपली मंदिरे, उत्सव आणि पाठशाळा टिकल्याच नसत्या. पण नियम आला की नियम मोडणाऱ्यास शासन येते. आपल्या समाजात त्या शासनाचे नाव बहिष्कार. जुन्या कागदपत्रांत त्या वादास ग्रामण्य म्हणत. या एका शासनाचा कायद्याशी, नीतीशी आणि माणसाच्या स्वातंत्र्याशी काय संबंध आला, एवढेच आज पाहू.

बहिष्कारात काठी नसते आणि तुरुंगही नसतो. रोटीबेटीचा व्यवहार बंद होतो, न्हावी व परीट घरी येत नाहीत, पाणवठ्यावर बोलणे तुटते, लग्नमुंजीस भटजी मिळत नाही, आणि घरात मृत्यू झाला तर खांदा द्यावयास चौथा माणूस सापडत नाही. हुकूम एकाच्या मुखातून निघतो, पण तो अमलात आणतात शेजारी आणि सोयरे.

इंग्रजी अमदानीत १८५० साली कायद्याने या शासनास हात घातला. धर्म बदलल्यामुळे अथवा जातीबाहेर टाकल्यामुळे कोणाचाही मालमत्तेचा किंवा वारशाचा हक्क बुडणार नाही, असे त्या वर्षीच्या कायद्याने ठरविले. पुढे १८५६ मध्ये विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळाली. पण १८६९ मध्ये मुंबईस विष्णुशास्त्री पंडित आदी सुधारकांच्या पुढाकाराने असा विवाह झाला, तेव्हा त्यात भाग घेणाऱ्यांवर धर्मपीठाकडून बहिष्कार आलाच. विवाह कायदेशीर होता, संततीचा वारसाही कायदेशीर होता. पण पंगतीस कोणी बसावे हे सरकारास ठरविता येत नव्हते.

पुण्याचे पंचहौद प्रकरण याहून बोलके आहे. १८९० च्या ऑक्टोबरात तेथील ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात झळकली, शंकराचार्यांकडे फिर्याद गेली आणि चौकशीसाठी मंडळ नेमले गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचा रोष पत्करला. आपल्यापायी स्नेह्यांच्या घरी अडचण होऊ नये, हा त्यांचा हेतू होता. ज्या पुरुषाचा निकाल सरकार मानीत असे, त्यास एका चहाच्या पेल्यापायी दुसऱ्या न्यायासनापुढे मान तुकवावी लागली. त्या न्यायासनाचे बळ लोकांच्या चुलीपर्यंत आणि देवघरापर्यंत पोहोचलेले होते, म्हणूनच हे घडले.

येथे आम्हांस स्वतःविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आमचा जन्म पुरोहिताच्या घरी झाला. संध्या आणि रुद्र आम्ही वडिलांच्या मांडीशी बसून शिकलो. त्यामुळे ही हकीकत वाचताना आमच्या मनात प्रथम रानडे येत नाहीत, तर ज्या भटजींनी बहिष्कृतांच्या घरी जाण्याचे नाकारले ते येतात. त्यांतील किती जणांस ते मनापासून पटले असेल? जो जाईल तोही वाळीत पडेल, या धाकाने कित्येकांनी यजमानास तोंड दाखविले नसेल. बहिष्कार जसा बहिष्कृताचे स्वातंत्र्य घेतो, तसे बहिष्कार पाळणाऱ्याचेही घेतो, हे आम्हांस यावरून उमगले.

विसाव्या शतकात कायदा अधिक धीट झाला. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात १९३३ मध्ये ज्ञातींच्या जाचास आळा घालणारा कायदा झाला. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने बहिष्कारास बंदी घालणारा कायदा केला. बेळगाव जिल्हाही त्या वेळी मुंबई प्रांतातच होता. कोणत्याही जमातीने आपल्या माणसास बहिष्कृत केले तर तो बहिष्कार रद्द समजावा आणि करणाऱ्यास हजार रुपयांपर्यंत दंड व्हावा, अशी त्यात तरतूद होती.

या कायद्यास दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी आव्हान दिले. जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी तो कायदा घटनाबाह्य ठरविला. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीस सदसद्विवेकाचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. २६ व्या अनुच्छेदाने धर्मसंप्रदायास आपला धार्मिक कारभार पाहण्याचा अधिकार दिला आहे. धर्माच्या मूलतत्त्वांपासून ढळणाऱ्यास संप्रदायाबाहेर काढणे हा त्या कारभाराचाच भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी एकट्यानेच भिन्न मत दिले. बहिष्काराने माणसाचे नागरी हक्क आणि माणुसकीचे जिणेच हिरावले जाते, हा प्रकार अस्पृश्यतेच्या जातीचाच आहे, असा त्यांच्या मताचा आशय होता.

पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये तो अमलात आला. विवाह, अंत्यविधी, पूजास्थान, स्मशानभूमी यांपासून कोणास अडविणे त्यान्वये गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा कायदा महाराष्ट्रापुरता आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९६२ च्या निकालाचा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला.

दोन्ही बाजूंत काही तथ्य आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जो मूर्तिपूजेची उघड टवाळी करतो त्यास पूजेचा अधिकारी नेमावे, अशी सक्ती मंदिरावर कोणी करू नये. संस्थेने आपली शिकवण आणि आपली पदे जपावीत. तो अधिकार नसेल तर धर्मस्वातंत्र्य हा शब्द पोकळ ठरेल. परंतु पदावरून दूर करणे वेगळे आणि पाण्यावरून, पंगतीवरून, चितेवरून दूर करणे वेगळे. पहिल्याने संस्थेचे स्वरूप राखले जाते; दुसऱ्याने माणूस मोडतो. ही सीमा ओळखण्यास आम्हांस एक साधी कसोटी सुचते: आपल्या निर्णयानंतर त्या माणसाच्या घरी मृत्यू झाला, तर आपल्यापैकी कोणी खांदा द्यावयास जाऊ शकेल काय? उत्तर नकारार्थी येत असेल, तर निर्णय कितीही शास्त्रोक्त असला तरी तो नीतीस धरून नाही.

आता कोणी म्हणेल की, ग्रामण्ये गेली आणि शंकराचार्यांची आज्ञापत्रेही गेली. मग हा विषय कशास उकरावा? पण मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून तिच्या आईस हळदीकुंकवाचे बोलावणे चुकविणे, भाऊबंदकीच्या दाव्यात साक्ष दिली म्हणून एखाद्या घरचा सत्यनारायणाचा प्रसाद न घेणे, हे प्रकार आपल्यास अगदीच अपरिचित आहेत काय? त्यांस कोणी बहिष्कार म्हणत नाही आणि त्यांसाठी कोणतेही न्यायालय सहसा धावून येणार नाही. तेथे कायदा आपल्या मनातच असावा लागतो.

ज्यांना शुद्धिपत्र मागत हिंडावे लागले, त्या ज्ञानेश्वरांनीच पुढे आपल्या ग्रंथाच्या शेवटी अवघ्या विश्वासाठी पसायदान मागितले. वाळीत टाकणाऱ्यांस त्यांनी त्यातून वगळले नाही. बहिष्कारास धर्माच्या आतूनच दिलेले याहून थोर उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

घरी विचारविनिमयासाठी प्रश्न:

१. संस्थेची शिस्त आणि माणसाचा छळ यांतील सीमा आपल्या घरी कोठे आखली जाते?

२. रानड्यांच्या जागी आपण असतो तर स्नेह्यांची सोय पाहिली असती की स्वतःचे मत?

३. या वर्षी आपण कोणाचे बोलावणे टाळले, आणि त्याचे खरे कारण काय होते?