टाकीवरच्या दिव्याबद्दल

खोपोली

चि. बंटीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला दिव्याचा फोटो पाहिला. लाल, निळा, जांभळा उजेड आणि वर रिमोट! घेऊ नकोस. क्रॉफर्ड मार्केटात गेलास की तोच तुझ्यापुढे करतील, कारण त्या उजेडात दुकानातला मरतुकडा मासाही देखणा दिसतो.

आधी टाकीत झाडं लावायची की नाही ते ठरव. माशांना दिवस-रात्र कळण्यापुरता उजेड पुरतो, खरी गरज झाडांना. आपल्या ओढ्यातले मासे उंबर-करंजाच्या सावलीत वाढतात. तेच भगभगीत दिव्याखाली ठेवलेस तर फिल्टरच्या मागे दडून बसतील आणि रंगही फिका पडेल.

तुझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे साधारण 54 लिटरची. जावा फर्न, अनुबियास अशी सोशिक झाडं लावलीस तर लिटरमागे 15-20 ल्युमेन (उजेडाचं माप) खूप झाले. 10 वॉटची बरी एलईडी पट्टी तेवढं सहज देते. खोक्यावर वॉट ठळक छापलेले असतात. तू ल्युमेन शोध, आणि 6500 केल्विनच्या आसपासचा पांढरा उजेड घे. तळाशी हिरवळ पसरवायची असेल तर दिवा जास्त, वर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नकोस.

दिव्याच्या जोडीला टायमर घ्यायचाच. सुरुवातीला रोज सहा तास, झाडांनी जीव धरला की आठ. त्यापुढे नाही. नवीन झाडं अजून रुजलेली नसतात, त्यांना सगळा उजेड वापरता येत नाही. उरलेल्यावर शेवाळ माजतं. काचेवर बोट फिरवलं आणि हिरवी रेघ उमटली की दिवा तासभर कमी कर, औषधं ओतू नकोस. आणि टाकी खिडकीपासून हलव बाबा! तुमच्या कर्जतचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, त्यात थेट ऊन म्हणजे शेवाळही वाढणार आणि पाणीही तापणार.

वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेव, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न शिरता खालीच ठिबकेल. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद. हे आईलाही सांग.

आमच्या खोपोलीच्या वीजघरातून 1915 पासून मुंबईला वीज जाते, आणि इथे पहिला वळीव आला की आम्ही मेणबत्त्या शोधतो! तुमच्याकडेही तेच. वीज गेली तर टाकीवरच्या दिव्याची चिंता नको, एक-दोन दिवसांच्या अंधाराने मासे-झाडांचं काही बिघडत नाही. हवा बंद पडली तर मात्र दाटीच्या टाकीत मासे काही तासांतच वर येऊन तोंडं उघडू लागतात. म्हणून इन्व्हर्टरवर दिवा नाही, हवेचा पंप जोड.

पट्टी घेतलीस की किंमत कळव, पैसे मी पाठवतो. टायमरचे मात्र तुझ्या खाऊच्या पैशांतून.

तुझा,
मामा