भेक : अंगणातील एक मुका शेजारी



यंदा पहिला पाऊस पडून गेला, त्या दिवशी मगरिबच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात गलका ऐकू आला. वुजूच्या नळापाशी एक खडबडीत बेडूक बसला होता आणि मकतबातील तीन मुले मुठीत मीठ घेऊन त्याच्याभोवती उभी होती. मी त्यांना थांबवले. त्यांतील एकाने विचारले, "हजरत, इतका कुरूप प्राणी! मारला तर काय बिघडले? त्याला हात लावला की चामखीळ येते ना?"

प्रश्न प्रामाणिक होता. केवळ रागावणे हे त्याचे उत्तर नव्हे.

पहिले उत्तर हदीसमध्ये आहे. सुनन अबू दाऊदमधील कथनानुसार एका वैद्याने पैगंबर मुहम्मद (स.) यांना औषधात बेडूक वापरण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी बेडूक मारण्यास मनाई केली. जेथे औषधाचे निमित्तही पुरले नाही, तेथे गंमतीचे निमित्त कसे पुरेल? फिरऔनच्या लोकांवर पाठवलेल्या निशाण्यांत बेडकांचा उल्लेख आहे (सूरह अल्-आराफ, आयत 133), हे खरे. पण तेथे अपराध त्या लोकांच्या अहंकाराचा होता, बेडकांचा नव्हे.

दुसरे उत्तर त्या प्राण्याच्या शरीरातच लिहिलेले आहे. आपल्या अंगणात दिसणाऱ्या या बेडकाला मराठीत भेक म्हणतात. तो बेडकांच्याच कुळातला. मात्र त्याची त्वचा कोरडी व गाठीगाठींची असते, मागचे पाय आखूड असतात, म्हणून तो लांब झेप न घेता छोट्या उड्या मारतो. तो तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जमिनीवर पोट टेकून त्वचेतून पाणी शोषून घेतो. फुप्फुसांबरोबरच त्वचेतूनही तो श्वास घेतो. आता विचार करा, अशा त्वचेवर मीठ पडले तर काय होईल? मीठ त्याच्या अंगातील पाणी ओढून घेते. आपल्याला जी गंमत वाटते, ती त्याच्यासाठी तडफड असते.

डोळ्यांच्या मागे त्याला दोन फुगीर ग्रंथी असतात. शत्रूने तोंडात धरले की त्यांतून पांढरा विषारी स्राव येतो, म्हणूनच एकदा तोंड पोळलेला कुत्रा पुन्हा त्याच्या वाटेला सहसा जात नाही. हे विष हल्ल्यासाठी नाही, बचावासाठी आहे. त्याला स्पर्श झाल्यास हात धुवावेत, डोळ्यांना लावू नयेत. चामखीळ मात्र त्याच्यामुळे होत नाही. ती माणसांतच पसरणाऱ्या विषाणूमुळे होते.

भेकाला दात नसतात. त्याची जीभ पुढच्या बाजूने जोडलेली असते. ती क्षणात बाहेर फेकून तो किडा टिपतो. दिव्याखाली जमणारे किडे, मुंग्या, वाळवी हा त्याचा आहार. आपण झोपलेलो असतो, तेव्हा तो घराभोवती राबत असतो. कडक उन्हाळ्यात दगडाखाली किंवा बिळात दडून राहतो आणि पाऊस पडताच डबक्याकडे निघतो. नराचा लांबलचक सूर ऐकून मादी येते आणि पाण्यात अंड्यांच्या लांब माळा सोडते. त्यांतून काळी, शेपटीची पिल्ले निघतात. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेपटी शरीरातच विरते आणि नखाएवढा भेक जमिनीवर पाऊल टाकतो. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या जीवाला काही आठवड्यांत फुप्फुसे देणारा कोण?

जमिनीवर चालणारे प्राणी व आकाशात उडणारे पक्षी हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, अशी शिकवण कुरआन देतो (सूरह अल्-अनआम, आयत 38). समुदायाला हक्क असतात, आणि मुक्या जीवाचा हक्क तो स्वतः मागू शकत नाही.

पालकांना एक विनंती. भेक घरात आला तर मीठ किंवा रॉकेल टाकू नका. सुपलीत घेऊन कुंडीजवळ किंवा झाडाखाली सोडा, आणि हे काम मुलांच्या हातून करवून घ्या. दुबळ्या जीवावर दया करण्याचा धडा पुस्तकापेक्षा असा लवकर पाठ होतो.

त्या संध्याकाळी मुलांनी मुठी उघडल्या, मीठ गटारात टाकले आणि हात धुतले. भेक नळाखालच्या ओल्या फरशीवर पोट टेकून तसाच बसून राहिला. त्याला तहान लागली होती.