जोडचाकाच्या आतल्या टायरची हवा: खर्च किती, घ्यायचं काय?

"ठोकून पायलं भाऊ, बरोबर हाये." परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालचा घाटरस्ता कापून धारणीत आलेल्या सहा टायरी गाडीचा क्लीनर हेच सांगतो. टॉमीच्या ठोक्यावरून टायर पार बसलाय की नाही, एवढंच कळतं. 80 पौंडांची हवा 55 वर आली तर कानाला पत्ता लागत नाही. आणि कमी असते ती बहुधा आतल्याच टायरात. बाहेरच्या डिस्कच्या भोकातून चार बोटं घालायची, तापलेल्या ड्रमचा चटका चुकवत वॉलचं टोपण काढायचं, हे रोज कोण करणार?

आतला नरम पडला की त्याचा भार बाहेरच्यावर जातो. दोघांची उंची जुळत नाही, रबर घासतं, टायर तापतात आणि भरल्या गाडीनिशी घाटात फुटतात. सप्टेंबर 2025 मध्ये टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तरी असा एक टायर हजारोंच्या घरातच जातो.

त्यामानाने वॉलची एक्स्टेन्शन नळी स्वस्त आहे. प्लास्टिकची शंभराच्या आतबाहेर मिळते. ती घेऊ नका, दगड लागला की तुटते. स्टीलच्या जाळीची नळी साधारण 200 ते 500 रुपयांना एक. सहा टायरी गाडीला आतल्या चाकांसाठी दोन लागतात, म्हणजे हजाराच्या आसपास धरा. पण टोक डिस्कला पक्कं धरणारी क्लिप सोबत आहे का, ते आधी विचारा. मोकळी नळी चाकाबरोबर फटके खाते, वॉल मुळातून हलतो आणि तिथूनच हवा जाते.

आणखी एक. बऱ्याच नळ्यांमधली कांडी मूळ वॉलची पिन कायम दाबून ठेवते. म्हणजे हवा अडवण्याचं काम नळीच्या टोकावर येतं. आटे हाताने बसवा, पान्याने आवळू नका, मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. दर महिन्याला बघा.

माझं मत विचाराल तर एका गाडीच्या मालकाने आधी लांब दांड्याचं दुतोंडी गेज घ्यावं. तेही हजाराच्या आत येतं आणि हवा गळायला नवी जागा तयार होत नाही. पंक्चर काढल्यावर चाक चढवताना दोन्ही वॉल समोरासमोर, आतला बाहेरच्या भोकाशी येईल असे ठेवायला सांगा. याचे वेगळे पैसे पडत नाहीत. डिस्कवर झाकण असलेल्या गाड्यांना मात्र नळीच बरी.

उद्या पहाटे निघणार असाल तर टायर थंड असतानाच सहाही मोजा, आणि सुरुवात आतल्या दोनपासून करा.