कादंबरी आणि आत्मकथन : पुस्तकाची निवड कशी करावी?

१९०७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानिमित्त मुंबईत सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली. चर्नी रोडच्या बागेत रोज पुस्तक घेऊन बसणारा हा विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आधीच हेरून ठेवला होता. सभेत त्यांनी आपण स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. पुढे १९५६ साली आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या भेटीची कृतज्ञतेने आठवण केली आहे. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे ते पुस्तक त्यांच्या मनातून गेले नव्हते!

आपल्याकडेही दरवर्षी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो. आपण स्मृतिचिन्ह देतो, बॅग देतो, पाण्याची बाटली देतो. पुस्तक द्यावे असे कोणी सुचविले की लगेच प्रश्न येतो, कोणते? केळुसकर गुरुजींनी हाताला लागेल ते पुस्तक दिले नव्हते. समोर कोण बसले आहे हे ओळखून दिले होते. ही ओळख कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

याबाबत आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की आपल्या मुलांनी आपल्याच माणसांची आत्मकथने वाचावीत, कादंबऱ्या म्हणजे वेळेचा अपव्यय. दुसरे मत नेमके उलटे. त्या रडकथा आता कशाला? मुलांनी चार नावाजलेल्या कादंबऱ्या वाचाव्यात, चार लोकांत बोलता येईल असे काही वाचावे. आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर आम्ही ही दोन्ही मते हिरीरीने मांडलेली आहेत. आज दोन्ही अर्धीच वाटतात. का वाटतात, ते सांगण्यासाठी थोडे स्वतःबद्दल लिहावे लागेल. वाचकांनी क्षमा करावी.

आमचा अनुभव

आमचे वडील गिरणी कामगार. शिक्षण चौथी. परंतु पाळीवरून आले की कंदिलाएवढ्या उजेडाच्या बल्बखाली काही ना काही वाचत. घरात पहिले पुस्तक आले ते बाबुराव अर्नाळकरांचे. झुंझार, काळा पहाड ही नावे आम्हांला शाळेच्या धड्यांआधी पाठ झाली. रोजाने भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. तेथून आणलेले पुस्तक उद्या परत द्यायचे म्हणून रात्रीत संपवावे लागे. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांत वाङ्मयीन गुण किती, हा वाद विद्वानांनी घालावा. आम्हांला पुस्तक शेवटच्या पानापर्यंत नेण्याची सवय त्यांनीच लावली. ज्याला ही सवय नाही त्याच्या हातात थोर ग्रंथ दिला तरी तो दहाव्या पानावर झोपी जातो.

कॉलेजात आत्मकथने हाती आली. त्यांनी झोप उडवली. पुढे २००४ साली आम्ही बँकेत रुजू झालो. नवीन नोकरी, नवीन माणसे. डबा खाऊन झाला की आम्ही शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' वाचत असू. मात्र त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले असे. एके दिवशी शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने सहज विचारले, "काय वाचताय एवढं?" आम्ही सांगितले, "मृत्युंजय." त्याने मान डोलावली आणि विषय संपला. त्याचा काही दोष नव्हता. त्याने काहीही वाईट म्हटले नव्हते. खोटे आम्ही बोललो होतो, आणि का बोललो हे आम्हांला पुरते ठाऊक होते.

ही गोष्ट आम्ही कोणाला सांगितली नाही. काही वर्षांपूर्वी ती आपोआप समोर आली. आमची मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेत 'माझे आवडते पुस्तक' असा प्रकल्प होता. महिनाभर ती घरी 'कोल्हाट्याचं पोर' वाचत होती. वाचताना रडली होती, रात्री आईजवळ त्याविषयी बोलली होती. वही पाहिली तर तिने लिहिले होते 'मृत्युंजय'वर! आम्ही विचारले, "अगं, आवडलं तर ते दुसरं होतं ना?" ती म्हणाली, "वर्गात उभं राहून वाचून दाखवायचं असतं पप्पा. मग सगळे आपल्याकडेच बघतात."

आम्ही रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार आम्ही २००४ सालीच घालवून बसलो होतो. त्या रात्री आम्ही तिला आमची गोष्ट सांगितली. मग कपाटातून 'मृत्युंजय' आणि 'अक्करमाशी' दोन्ही खाली काढली आणि बापलेकीने ती शेजारी शेजारी ठेवून वाचली. निवडीची जी पद्धत पुढे मांडीत आहोत ती त्या वाचनातून सुचलेली आहे. पद्धत साधी आहे. पुस्तके एकेकटी निवडू नका, जोडीने निवडा. एक गाजलेली कादंबरी आणि त्याच प्रश्नावरचे एक आत्मकथन.

पहिली जोडी : जन्माचा प्रश्न

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली प्रसिद्ध झाली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशी सहा पात्रे ती कथा आपापल्या तोंडाने सांगतात. गुण असूनही जन्मावरून हिणवला गेलेला कर्ण तरुण मनाला ओढून घेतो. आपल्या मुलांना तो अधिकच जवळचा वाटतो, यात नवल नाही.

त्याच्या शेजारी 'अक्करमाशी' ठेवा. लिंबाळे आपल्याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे. पुस्तक १९८४ चे. बारा माशांचा एक तोळा. अकरा मासे म्हणजे कमअस्सल. आई दलित, बाप सवर्ण पाटील. शाळेत बापाचे नाव कोणते लावायचे, येथून प्रश्न सुरू होतो. डॉ. किशोर शांताबाई काळे करमाळा तालुक्यातील नेरल्याचे. 'कोल्हाट्याचं पोर' हे त्यांचे आत्मकथन १९९४ साली आले. तमाशात नाचणाऱ्या आईचे नाव त्यांनी आपल्या नावात लावले. कर्णालाही सांभाळणाऱ्या आईच्या नावावरून राधेय म्हणत.

वाचून झाल्यावर मुलीने प्रश्न केला, "पप्पा, कर्ण खरोखरच सूताच्या पोटी जन्मला असता तर?" आम्ही थक्क झालो. इतकी वर्षे हा प्रश्न आम्हांला पडला नव्हता. कर्ण शेवटी राजकुळातला निघतो. जन्मावरून झालेल्या अन्यायाची उकल पुन्हा जन्मानेच होते. लिंबाळे आणि काळे यांच्या पुस्तकांत असे कोणतेही गुपित बाहेर येऊन त्यांना मोठे करीत नाही. जे काही मिळवायचे ते त्यांना स्वतःच्या कष्टाने मिळवावे लागते. याचा अर्थ 'मृत्युंजय' वाचू नये असा नाही. ती जरूर वाचावी. पण तिच्यावर हा प्रश्न विचारण्याची ताकद दुसऱ्या पुस्तकाने दिली, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी जोडी : माणदेशातील दोन शिक्षक

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. औंध संस्थानातील एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. छोटी, साधी, अतिशय सुंदर कादंबरी. आठवीच्या मुलालाही कळते. १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला.

तोच कोरडा मुलूख आणि तोच शिक्षकी पेशा. शांताबाई कांबळे १९२३ साली सोलापूर जिल्ह्यातील महूदला जन्मल्या आणि शिकून शिक्षिका झाल्या. 'माझ्या जल्माची चित्तरकथा' हे त्यांचे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. पुढे दूरदर्शनवर त्याची 'नाजुका' ही मालिकाही झाली. कादंबरीतल्या मास्तरापुढे शाळेत मुले कशी जमवावीत हा प्रश्न आहे. शांताबाईंना आधी स्वतः शाळेच्या आत जाण्यासाठीच झगडावे लागते. दोघांचे प्रेम शिकविण्यावरच आहे. दोन्ही पुस्तके वाचली की माणदेश पुरता दिसतो, एक वाचले तर निम्मा.

तिसरी जोडी : हजेरी

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. ज्याला वाचनाचा कंटाळा आहे अशा मुलाला सर्वप्रथम हीच द्यावी. घोडा आहे, लढाई आहे, मैत्री आहे, आणि सरकारी हजेरीचा जाचही आहे.

तिच्याबरोबर लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचावे. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही. सोलापूरकरांना हे दूर जाऊन शोधायला नको. आपण रोज रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हणून सांगतो, ते तारेच्या कुंपणातल्या त्या वसाहतीचेच नाव आहे. आमच्या वडिलांबरोबर गिरणीत तेथील माणसे कामाला होती. 'फकिरा' वाचून छाती फुगते, 'उचल्या' वाचून मान खाली जाते. दोन्ही व्हावे.

आणखी तीन जोड्या

विस्तारभयास्तव पुढील तीन थोडक्यात देतो. जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८). मुंबईची वस्ती एकदा बाहेरून आणि एकदा आतून. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०). धरणात गाव गेलेली माणसे आणि ज्यांना गावच नव्हते ती माणसे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६). पहिलीत पुरुष लेखकाने एका स्त्रीच्या तोंडून तिची कहाणी सांगितली आहे. दुसरीत फलटणच्या बाईने दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून स्वतःची लिहिली आहे. आम्ही पुस्तक लपवून वाचले, त्यांनी लपवून लिहिले. दोन्हींतले अंतर आमच्या लक्षात आहे.

सहा जोड्या म्हणजे बारा पुस्तके. महिन्याला एक धरले तर वर्ष पुरते. मधूनमधून डोके मोकळे करण्यासाठी अर्नाळकर आहेत, नारायण धारपांच्या भयकथा आहेत, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत. आणि कोणी म्हणालेच, की आत्मकथनांत नुसते रडणे असते, तर त्याला नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) द्यावे. त्यातला बाप वाचून हसू येते आणि ताठ बसावेसे वाटते.

निवडताना ध्यानात ठेवावयाचे

१) ग्रंथालयात उभ्याने पहिली दहा पाने वाचा. मलपृष्ठावरील स्तुतीवर जाऊ नका.

२) प्रत्येक पुस्तकाला दोन प्रश्न विचारा. यात कोण बोलतो आहे? आणि कोण हजर असूनही गप्प आहे?

३) ऐतिहासिक कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. त्याचप्रमाणे आत्मकथन म्हणजे पंचनामा नव्हे. तेथेही माणूस आठवणीतून निवडूनच सांगतो. ही पुस्तके आली तेव्हा काहींवर आपल्याच वस्त्यांतून रागही झाला होता. तो रागही समजून घ्यावा.

४) वय पाहा. 'अक्करमाशी', 'बलुतं' ही पुस्तके दहावीनंतर द्यावीत आणि घरातील मोठ्याने बरोबर वाचावीत. मुलाला त्या पानांवर एकटे सोडू नये.

५) पुस्तक नाही आवडले तर अर्धवट ठेवण्याची मुभा असावी. सक्तीने वाचलेले पुस्तक पुढची दहा पुस्तके बंद करते.

आम्ही बँकेत वही जुळवणारी माणसे. जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय शिल्लक कळत नाही, एवढे आम्हांला नोकरीने शिकविले. वाचनातही तसेच आहे. केवळ गाजलेल्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला आपली बाजू दिसत नाही. केवळ आत्मकथने वाचणाऱ्याला इतरांना आपण कसे दिसतो, किंवा मुळीच दिसत नाही, हे कळत नाही.

संस्थेला आमची नम्र विनंती आहे. येत्या गुणगौरव समारंभात स्मृतिचिन्हाऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला अशी एक जोडी द्यावी. पहिल्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांच्या जोड्यांचा खर्च आम्ही आनंदाने उचलू.

मुलगी आता बारावीत आहे. मागच्या वर्षी कॉलेजच्या वाचन प्रेरणा दिनाला तिने 'कोल्हाट्याचं पोर' वर पाच मिनिटे भाषण केले. सगळे तिच्याकडे बघत होते का, असे आम्ही विचारले. "हो, बघत होते," ती म्हणाली, "आणि संपल्यावर दोघींनी पुस्तक मागितलं." ते पुस्तक अजून परत आलेले नाही. 'अक्करमाशी' मात्र आमच्या बँकेच्या टेबलावर असते. कव्हर न घालता.

जय भीम!