आसवनीचे सांडपाणी : खत म्हणून वापरताना घ्यावयाची काळजी

साखर कारखान्यात मोलॅसिसपासून १ लिटर अल्कोहोल तयार करताना साधारण ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी निघते. यालाच स्पेंटवॉश म्हणतात. हे पाणी आम्ल असते आणि त्याची जैविक प्राणवायूची गरज लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्याही वर जाते. शेतीच्या जमिनीवर सोडावयाच्या सांडपाण्यासाठी ही मर्यादा केवळ १०० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे 'पाणी फुकट मिळते' म्हणून कच्चा स्पेंटवॉश टँकरने शेतात ओतून घेऊ नये. ओढ्यात गेल्यास मासे मरतात, जमिनीत मुरल्यास विहिरीचे पाणी तांबूस व खारट होते.

प्रक्रियेने काय होते?

स्पेंटवॉश बंद टाकीत हवेविना कुजवितात. त्यातून जळाऊ गॅस मिळतो व सेंद्रिय भार ८० ते ९० टक्के कमी होतो. मात्र रंग आणि क्षार कमी होत नाहीत, हे लक्षात ठेवावे. या क्षारांत पालाश भरपूर असते. म्हणून हे पाणी पिकाला उपयोगी आहे, पण बेताने न वापरल्यास जमीन खारवते. निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत हा धोका अधिक.

कंपोस्ट

सुरक्षित मार्ग कंपोस्टचा. कारखान्याच्या पक्क्या, पाणी न मुरणाऱ्या ओट्यावर प्रेसमडचे लांब ढीग लावून त्यावर गॅस काढलेला स्पेंटवॉश थोडा थोडा फवारतात व यंत्राने ढीग वरखाली करतात. ४५ दिवसांच्या पद्धतीत १ टन प्रेसमडला २.५ टनांपर्यंत स्पेंटवॉश जिरतो. कुजताना ढीग तापतो व पाण्याची वाफ होते.

खत घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. खत भुसभुशीत, काळसर व मातीसारख्या वासाचे असावे. हाताला गरम किंवा चिकट लागल्यास ते कच्चे समजावे.

२. एका कुंडीत माती व खत, दुसरीत नुसती माती भरून दोन्हींत मूग पेरावा. खताच्या कुंडीत उगवण कमी झाल्यास ते खत शेतात टाकू नये.

३. खत देण्यापूर्वी व दर हंगामानंतर मातीची क्षारता तपासून घ्यावी. विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आढळल्यास वापर थांबवून आधी निचऱ्याची सोय करावी.

राखेतील पालाश

काही कारखाने स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्याच्या राखेपासून केलेल्या १४.५ टक्के पालाशयुक्त खताचा २०२१ मध्ये केंद्राच्या अनुदान योजनेत समावेश झाला. सुरू उसाला हेक्टरी ११५ किलो पालाशची शिफारस आहे. त्यासाठी हे खत सुमारे ७९३ किलो लागेल, तर ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे १९२ किलो पुरेल. म्हणजे म्युरेटच्या एका पोत्याऐवजी याची चार पोती लागतात. तेव्हा भाव पोत्याचा न पाहता एक किलो पालाश किती रुपयांना पडते ते पाहावे. वाहतूकही त्यात धरावी.

शेतकरी बंधूंनो, कारखान्याची सोय व्हावी म्हणून आपली जमीन देऊ नका. जमिनीला पालाश हवे आहे की नाही हे माती परीक्षणाने ठरवा, आणि हवे असेल तरच, हवे तेवढेच घ्या.